सरकी कुणाच्या घरची

मार्च १८७० मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, तो कापसासाठी. मुंबईहून निघालेला लोहमार्ग तीन वर्षांपूर्वीच वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला होता. पण वऱ्हाडातली कापसाची सर्वांत मोठी पेठ त्या मार्गापासून थोडी बाजूला राहिली होती. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत साधारण आठ मैलांचा फाटा टाकला गेला आणि नव्या कापूसबाजारासह त्याचे उद्घाटन व्हाइसरॉयच्या हस्ते झाले. साम्राज्याचा सर्वोच्च अधिकारी एवढ्याशा फाट्यासाठी येतो, यावरून लँकेशायरच्या गिरण्यांना खामगाव किती जवळचे झाले होते ते कळते.

खामगावहून चिखलीकडे निघाले की रस्ता घाट चढतो आणि त्याच वाटेवर बल्लाळदेवीचे अमडापूर लागते. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन आणि वर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावरची कुठे भारी, कुठे मुरमाड. घाटावरचा कापूस बैलगाड्यांनी खाली खामगावच्या बाजारात उतरे. त्या गाड्या काय घेऊन गेल्या आणि काय घेऊन परतल्या, यात या भागातल्या कापसाच्या वंशाचा दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. जीवशास्त्रात ज्याला जनुकसंचय म्हणतात, म्हणजे एखाद्या जातीच्या सगळ्या झाडांत किंवा प्राण्यांत मिळून असलेले जनुकांचे सगळे प्रकार, तो काळाच्या ओघात कसा पालटतो हे पाहायला या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेतांसारखी दुसरी जागा क्वचितच सापडेल.

निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतल्या संस्थानांची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव आभाळाला भिडले. वऱ्हाडात जिथे ज्वारी होती तिथे पऱ्हाटी आली. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले, पण पेरा मात्र पूर्वीच्या पातळीवर परतला नाही.

गिरण्यांना हवा होता लांब, बारीक धागा. तो अमेरिकन कापसात होता. कंपनी सरकारने १८४० मध्येच अमेरिकेतून दहा मळेवाले आणून त्यांच्या हाताने इथे अमेरिकन कापूस पिकवून पाहिला होता. धारवाडकडे तो रुजला, बाकी बहुतेक ठिकाणी फसला. मात्र वऱ्हाड-वर्धा भागात शेतकऱ्यांनी स्वतः जपलेला एक देशी कापूस होता, बनी. व्यापारी त्याला हिंगणघाटी म्हणत. देशी जातींत इतका तलम धागा क्वचितच आढळे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक याने १८६० च्या दशकाच्या अखेरीस याच हिंगणघाटी बियाण्याचा प्रसार करण्याचा आग्रह धरला. इंग्लंडची गरज आणि वऱ्हाडची जमीन यांचा मेळ बनीवरच बसेल, असा त्याचा हिशेब होता.

घडले नेमके उलटे. पुढच्या पन्नास वर्षांत बनी मागे हटत गेली आणि तिच्या जागी आखूड, जाडाभरडा धागा देणारी जरी पसरली. सरकारी कागदांत याचे खापर पुष्कळदा शेतकऱ्यावर आणि व्यापाऱ्याच्या भेसळीवर फोडलेले आढळते. हा आरोप अन्यायाचा होता. शेतकरी अडाणी नव्हता. त्याचा हिशेब साहेबाच्या हिशेबापेक्षा पक्का होता.

बनीच्या शंभर शेर कापसातून पंचवीस ते तीस शेर रुई निघे, बाकी सरकी. जरीच्या कुळातल्या चांगल्या वाणांचा उतारा अडतीस-चाळीसपर्यंत जाई. शिवाय जरी लवकर तयार होई. पाऊस लवकर संपला तरी पदरात काहीतरी टाकून जाई. बनी उशिराची, नाजूक, हलक्या जमिनीत रुसणारी. लांब धाग्यासाठी बाजारात जो जास्तीचा भाव मिळे, तो हा फरक भरून काढायला पुरेसा नव्हता. पुढे १८९३ मध्ये मुंबई ते जपान अशी थेट जहाजवाहतूक सुरू झाली आणि आखूड धाग्याला जपानी गिरण्यांचे मोठे गिऱ्हाईक मिळाले. जरीला आता जगाच्या बाजारातच आधार होता.

पण शेतकऱ्याचा हिशेब हे निम्मेच कारण. दुसरे निम्मे कारण जिनांत, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांत, होते.

पूर्वी कापूस घरी चरखीवर रेचला जाई. सरकी घरात राही, त्यातली निवडून पुढच्या मृगासाठी ठेवली जाई. प्रत्येक घराची, फार तर प्रत्येक गावाची सरकी वेगळी. म्हणजे वऱ्हाडभर कापसाच्या शेकडो छोट्या वस्त्या होत्या, एकमेकींपासून बऱ्याच तुटलेल्या, आपापल्या जमिनीला आणि आपापल्या मालकाच्या नजरेला सरावलेल्या. वाफेवर चालणारी जिने आली आणि कापूस सरकीसकट गाडीत चढू लागला. जिनात दहा गावांचा माल एकाच ढिगात पडे. बनी, जरी, मधल्या सगळ्या जाती, उशिराची, लवकरची, सगळ्यांची सरकी एका राशीत. पेरणीच्या वेळी शेतकरी त्याच राशीतून पोते भरून घरी नेई. खामगावहून घाट चढून परतणाऱ्या गाडीत पुढच्या वर्षीचे बियाणे असे, आणि ते कुणा एकाच्या शेतातले नसे.

लोकसंख्या-आनुवंशिकी या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर विखुरलेल्या शेकडो जनुकसंचयांचा एकच मोठा संचय झाला आणि मग त्या एकात निवड सुरू झाली. ही निवड किती वेगाने चालते याचे एक कागदावरचे उदाहरण घेऊ. समजा बियाण्याच्या राशीत शंभरात पाचच सरक्या जरीच्या आहेत आणि पुढच्या वर्षासाठी जरीचे झाड बनीच्या झाडापेक्षा फक्त वीस टक्के जास्त सरकी मागे ठेवते. दहा वर्षांनी जरीचा वाटा सुमारे पंचवीस टक्के होतो, वीस वर्षांनी सदुसष्ट, पंचवीस वर्षांनी त्र्याऐंशी. कुणी ठरवलेले नाही, कुणी बनी उपटून फेकलेली नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या हयातीत दर वर्षीचा फरक डोळ्यांत न भरण्याइतका लहान, आणि तरी मुलाच्या हाती शेत येईपर्यंत बापाचा कापूस संपलेला.

हा बदल शेतात उभे राहून मोजता येत होता. जी. ए. गॅमी या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानातल्या कापसांचे वर्गीकरण केले. जरीच्या कुळाचे त्याने फुलाचा रंग आणि पानाच्या खापा यांवरून चार प्रकार पाडले : पिवळे फूल अरुंद पान तो व्हेरम, पिवळे फूल रुंद पान तो माळवेन्सिस, पांढरे फूल अरुंद पान तो रोझियम आणि पांढरे फूल रुंद पान तो कच्छिकम. वऱ्हाडच्या एकाच वावरात हे प्रकार एकमेकांत मिसळून उभे असत. लवकरच कानपूरला मार्टिन लीक याने संकर करून दाखवले की पिवळा रंग पांढऱ्यावर प्रभावी आहे, म्हणजे पिवळ्या फुलाच्या झाडात पांढऱ्याचा जनुक लपून राहू शकतो. इंग्लंडमध्ये गणिती हार्डी आणि जर्मनीत वैद्य वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे जे सूत्र मांडले, ते अशाच लपलेल्या जनुकांचा हिशेब देते : बाहेरून कुठलाही दाब नसेल आणि मीलन सरमिसळ होत असेल, तर जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते. कापूस मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळतो, मधमाश्यांमुळे थोडा परसंकर होतो. त्यामुळे सूत्र त्याला जसेच्या तसे लागू होत नाही. पण मूळ प्रश्न तोच राहतो. प्रमाण बदलले असेल, तर दाब कुणाचा होता?

वऱ्हाडात उत्तर स्पष्ट होते. दाब तराजूचा होता. आणि सरकारी शेतीखात्याने अखेर त्याच्यापुढे मान तुकवली. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या शेतीखात्यातल्या क्लाउस्टन यांच्या काळात, ज्या पांढऱ्या फुलाच्या रोझियमचा रुईचा उतारा सर्वांत चांगला होता, त्याचेच शुद्ध बियाणे वाढवून वाटण्यात आले. लांब धाग्याचा हट्ट सोडून शेतकऱ्याच्या हिताचा हिशेब धरणारा हा निर्णय प्रामाणिक होता. मात्र त्याने बनीचा उरलासुरला आसराही गेला.

१९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. तिच्या पैशावर १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला वनस्पतिसंशोधनाची संस्था उभी केली, आणि १९३३ मध्ये तिथे जोसेफ हचिन्सन हा इंग्रज आनुवंशिकीतज्ज्ञ आला. हचिन्सनचे मोठेपण यात, की त्याने शेतातल्या मिसळीकडे भेसळ म्हणून पाहिले नाही, इतिहास म्हणून पाहिले. कुठल्या भागात कुठल्या प्रकाराचे प्रमाण किती, ते तसे का, हे तो आणि त्याचे सहकारी मोजत गेले. मध्य भारत आणि राजपुतान्यातल्या कापसाच्या पिकांची घडण तपासणारा हचिन्सन आणि घोष यांचा निबंध १९३७ चा आहे.

त्याच संस्थेत व्ही. जी. पानसे काम करत होते. रुईचा उतारा, धाग्याची लांबी, झाडाचे उत्पन्न हे गुण पिवळ्या-पांढऱ्या फुलांसारखे सरळ वाटणी करता येणारे नसतात; त्यांच्यामागे अनेक जनुके असतात आणि प्रत्येकाचा हिस्सा लहान असतो. अशा गुणांचा वारसा संख्याशास्त्राने कसा उकलायचा यावर पानसे यांचे निबंध १९४० मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’सारख्या नियतकालिकांत आले. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर ज्या गणिताची पायाभरणी करत होते, तेच गणित पानसे माळव्याच्या काळ्या मातीतल्या झाडांना लावत होते. पुढे पां. वा. सुखात्मे यांच्यासह त्यांनी लिहिलेले शेतकी संख्याशास्त्राचे पाठ्यपुस्तक देशातल्या कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्यांनी अभ्यासले. कापसाच्या कहाणीत व्हाइसरॉयचे नाव सगळ्यांना सापडते. पानसे यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते, याची खंत वाटते.

दरम्यान अकोल्याच्या केंद्रावर व्हेरम कुळातून निवडलेला ४३४ क्रमांकाचा वाण पुढे आला. धागा रोझियमपेक्षा लांब, आणि मर रोगाला तोंड देणारा. अमेरिकन कुळातली बुरीही छोटा नागपूरकडून येऊन रुजत होती. इथे एक मोठा फरक ध्यानात घ्यायला हवा. बनी, जरी, रोझियम, व्हेरम या साऱ्या एकाच जातीतल्या, त्यांच्या पेशींत २६ गुणसूत्रे. अमेरिकन कापसाची गुणसूत्रे ५२. दोघांचा संकर झालाच तर झाड सहसा वांझ निघते. त्यामुळे देशी आणि अमेरिकन सरकी जिनाच्या ढिगात कितीही मिसळली, तरी शेतात त्यांचे जनुक एकमेकांत उतरत नव्हते. जरीने बनीला आपल्यात विरघळवत संपवले होते; अमेरिकन कापूस देशीची जागा घेणार होता तो तिला स्पर्शही न करता.

फाळणीत लांब धाग्याच्या कापसाचा सुपीक पट्टा पाकिस्तानात गेला आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या इथे राहिल्या. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्क्यांवर देशी जाती होत्या. आता धोरणच अमेरिकन जातींकडे वळले. १९७० मध्ये सुरतला चंदुलाल पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी कापूस-संकर दिला; १९८० च्या दशकात अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रिड-२ आणि नांदेडचा ४४ यांनी वऱ्हाड-मराठवाडा भरून टाकला. संकराची सरकी दुसऱ्या पिढीत फुटते, एकसारखी राहत नाही, म्हणून दर वर्षी नवे पाकीट आणावे लागते. एकेकाळी घरात असलेली आणि मग जिनात गेलेली सरकी आता दुकानात पोचली.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने बीटी कापसाच्या तीन संकरांना परवानगी दिली. ते होते बुलढाण्याला लागून असलेल्या जालन्याच्या महिको कंपनीचे. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक त्यांत घातलेला होता. त्यामुळे झाडात तयार होणारे प्रथिन खाऊन बोंडअळी मरे. २००६ मध्ये दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. दहा-बारा वर्षांत देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटी झाले. कापसाच्या जनुकसंचयाने इतकी झपाट्याची कलाटणी पूर्वी कधी घेतली नव्हती. पहिल्या काही वर्षांत फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढले, हे वऱ्हाडातल्या कुणाही शेतकऱ्याला विचारले तरी तो मान्य करील.

पण शेतात आणखी एक जनुकसंचय होता, अळीचा.

गुलाबी किंवा शेंदरी बोंडअळी इथे जुनीच. सॉन्डर्स याने १८४० च्या दशकात तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते भडोचच्या कापसात सापडलेल्या नमुन्यांवरून. ती फुलात शिरते, पाकळ्या आतून बांधून डोमकळी करते, मग बोंडात घुसून सरकी खाते. बाहेरून बोंड धडधाकट दिसते आणि फुटल्यावर कवडी हाती लागते. कोट्यवधी अळ्यांमध्ये काही थोड्यांच्या आतड्यातले एक प्रथिन जन्मतःच वेगळ्या घडणीचे होते. बीटीचे विष त्याला चिकटत नव्हते. हा बदल बीटीने घडवलेला नव्हता. तो आधीपासून विरळपणे वावरत होता, जसे जरीचे पाच दाणे बनीच्या राशीत.

इथे हार्डी आणि वाइनबर्ग यांचा हिशेब जीवनमरणाचा ठरतो. प्रतिकाराचा जनुक हजारात एक असेल, तर त्याची एकच प्रत असलेल्या अळ्या हजारात साधारण दोन असतात आणि दोन्ही प्रती असलेली अळी दहा लाखांत एक. एक प्रत असलेली अळी बीटी झाडावर मरते. दोन्ही प्रतींची तेवढी जगते. म्हणून योजना अशी होती, की बीटी पऱ्हाटीभोवती साध्या कापसाच्या ओळी लावायच्या, किमान पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र. त्या ओळींतून निघालेले असंख्य साधे पतंग बीटीवर जगलेल्या एखाद्या पतंगाशी जुळतात, पिल्लांना प्रतिकाराची एकच प्रत मिळते आणि ती मरतात. दुर्मीळ जनुक दुर्मीळच राहतो. यासाठी प्रत्येक पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी दिली जाई.

ती पुडी फार थोड्यांनी पेरली. पाच एकरांच्या धन्याने एक एकर अळीला द्यावा असे सांगणे सोपे होते. त्याला त्याचे कारण त्याच्या भाषेत, त्याच्या बांधावर येऊन कुणी समजावले नाही. कित्येकदा पुडीतली सरकी नीट उगवतही नसे. दोष द्यायचाच तर तो आधी इथे द्यायला हवा.

दुसरी चूक बियाण्याच्या घडणीतच होती. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया इथे बहुतांशी सरळ वाण पेरतात. त्यांच्या बोंडातल्या प्रत्येक सरकीत बीटी जनुक असतो. भारतात संकर. संकरित झाडाच्या बोंडात सरक्यांची वाटणी होते : एका जनुकाचा विचार केला तर चारांत एक सरकी त्याविना, दोन जनुकांचा केला तर सोळांत एक दोन्हींविना आणि सहा एकेकाच जनुकाच्या. सरकी खाणारी अळी एकाच बोंडात कडक विष, सौम्य विष आणि निर्विष असे सारे चाखत फिरते. त्यात एक प्रत असलेल्या अळ्याही तगू लागतात आणि प्रतिकार वेगाने वाढतो. वर दोनशे दिवसांहून लांबलेला हंगाम. पाण्याची सोय असलेल्याने फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेली पऱ्हाटी, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवली, आणि अळीला वर्षात एक-दोन पिढ्या जास्त मिळाल्या.

मार्च २०१० मध्ये बीटी जनुक पुरवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटी जनुकाला जुमानत नाही. भारतातल्या शेतांतून पकडलेल्या प्रतिकारक अळ्यांची तपासणी झाली तेव्हा आतड्यातल्या त्या एकाच जनुकाचे आठ वेगवेगळे मोडके प्रकार सापडले. हा निबंध २०१४ चा. प्रतिकार एका ठिकाणी जन्मून पसरला असे नव्हे, तर अनेक घराण्यांनी आपापल्या परीने तोच मार्ग काढला होता. दुसरा जनुकही टिकला नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बोलगार्ड-२ वरचा प्रतिकार शेताशेतांतून नोंदवला. २०१७ च्या हंगामात बुलढाण्यासह विदर्भ, मराठवाडा, खानदेश या साऱ्या पट्ट्यात बोंडे पोखरली गेली. शेतकऱ्यांनी उभ्या पिकात नांगर घातला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जनुकांची प्रमाणे बदलणे हा कागदावरचा विषय नाही, हे त्या घरांनी सोसले.

अमेरिकेने याच अळीचे आपल्या कापूस पट्ट्यातून उच्चाटन झाल्याचे २०१८ मध्ये घोषित केले. बीटी, नपुंसक पतंग सोडणे आणि हंगाम आवरणे यांची सांगड घालून. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात संकराच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरल्याने शेतात आपोआप पाव भाग साधी झाडे आली, आणि वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला. भारतातही आता साधी सरकी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली आहे. महाराष्ट्रात जूनपूर्वी कापूस न पेरण्याची ताकीद असते, कारण मे-जूनमध्ये निघालेल्या पतंगांना फूल मिळाले नाही तर ते वंश न वाढवता मरतात. फरदड घेऊ नका हे कृषी खाते दर वर्षी सांगते. जिनांत कामगंध सापळे लावले जातात.

देशी कापसाचाही शोध पुन्हा सुरू आहे. अकोल्याच्या विद्यापीठाने एकेए मालिकेतले देशी वाण दिले. परभणीच्या विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी वाण काढले, जे काम रिव्हेट-कार्नॅकला बनीकडून हवे होते. हे वाण कोरडवाहूत तग धरतात, रस शोषणाऱ्या किडींना पुरून उरतात आणि सरळ वाण असल्याने त्यांची सरकी घरी ठेवता येते. घाटावरच्या मुरमाड जमिनीत त्यांना वाव आहे. अडचण बाजारात येते. एका गावात चार-सहा जणांनीच देशी पेरला तर त्यांचा कापूस व्यापारी वेगळा घेत नाही, जिनवाला वेगळा रेचत नाही. तो अमेरिकनच्या ढिगात पडतो, त्याच भावात जातो आणि त्याची सरकी तेलघाणीला निघून जाते. ज्यांना तो टिकवायचा आहे, ते शेतकरी गट आता आधी छोट्या जिनाची सोय शोधतात, बियाण्याची नंतर.